दुधात निळीचा थेंब

आमच्या घरात साप आहे, हे मी नव्या गिऱ्हाइकाला सांगत नाही. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई आधीच दंड चोरून, पोट आत ओढून उभी असते. त्यात ही बातमी कानावर गेली तर टेप हातात धरून मी एकटीच उरायची. जुन्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. त्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसतात, आतल्या खोलीच्या दारावर एक डोळा ठेवतात आणि हळूच विचारतात, "झोपलाय ना?" मी 'हो' म्हणते. खरं तर तो झोपलाय की जागा आहे हे मलाही बघून कळत नाही, कारण त्याला पापण्याच नाहीत.

साप माझा नाही, मुलीचा. शिकली, नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत एक भलीमोठी काचेची पेटी घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "बाई गं, लोक पहिल्या पगारातून सोनं घेतात, स्कूटी घेतात. तू हे काय उचलून आणलंस?" ती म्हणाली, "मम्मी, बॉल पायथन आहे. आफ्रिकेचा. विष नाही, काही नाही. घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन बसतो, बस." आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे, ह्याची मात्र सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, हेही ऐकवलं. तिच्या वडलांनी ते कागद उलटेपालटे करून पुन्हा पुन्हा वाचले. ह्यांना मिशा आहेत, आवाज आहे, अंबरनाथच्या एमआयडीसीत ॲसिडच्या टाक्यांशेजारी उभी हयात काढली आहे. पण साप म्हटलं की हा माणूस सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो.

मग मुलीची बदली बंगळुरूला झाली. तिकडच्या भाड्याच्या खोलीत साप चालणार नव्हता. "थोडे महिने सांभाळ गं," असं म्हणून ती गेली आणि बदलापुरात, कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, हे, सासूबाई आणि साप असे चौघं उरलो. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला लागून त्याचे गोठवलेले उंदीर. मी त्यांना वेगळा डबा केला, डब्यावर लाल फुली मारली, तरी मटार उसळ करताना माझा हात अजून थबकतो.

सासूबाईंना सापाचं काही वाटलं नाही. त्या बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या, भाताच्या खाचरात वाढलेल्या. बांधावर, गवतात, चुलीच्या मागे साप बघत आयुष्य गेलेलं. फक्त त्याला 'साप' म्हणायच्या नाहीत. दिवे लागले की त्याचं नाव घेऊ नये, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, असं त्यांच्याकडे मानतात. तेव्हा म्हणायचं 'लांबडं'. आणि त्यांना आता दिवे लागले की नाही तेच कळायचं नाही, म्हणून त्यांनी दिवसरात्र लांबडंच म्हणायचं ठरवून टाकलं होतं.

कळायचं नाही, कारण काचबिंदू. एक डोळा आम्हाला पत्ता लागायच्या आतच गेला होता. दुसऱ्यात उरलं होतं ते दाराच्या फटीतून दिसावं तेवढं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलंय ते टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब घाला. सासूबाई 'बरं' म्हणाल्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरला. तेव्हापासून त्यांनी तो धरायचा आणि मी धरू द्यायचा, असं चालू झालं.

काचेची पेटी त्यांच्याच खोलीत होती, कारण घरातला एकुलता एसी त्या खोलीत. एप्रिल लागला की बदलापूरचा पारा टीव्हीवर दाखवतात, मुंबईची माणसं तो बघून 'बापरे' म्हणतात आणि आम्ही त्यात कपडे वाळत घालतो. सासूबाईंना वाटायचं, पाहुण्याला उकडत असेल. त्या एसीची पाती पेटीकडे वळवायला सांगायच्या. पलंगाच्या कडेला बसून काचेला बोटं लावायच्या आणि मला विचारायच्या, "कसा दिसतो गं, बाय?" दारावर लग्नसराई, माझ्या तोंडात टाचण्या. मी तशीच दाताखालून म्हणायचे, "सापासारखा दिसतो, आई. लांब."

एका सकाळी पाणी बदलायला गेले आणि बघते तर त्याचा रंगच उतरलेला! एरवी काळ्यावर गव्हाळ सोनेरी ठिपके, आणि त्यावर रेशमासारखी चमक. आता सगळ्या अंगाला चुलीतली राख चोळल्यागत. पोटाखालून गुलाबी झाक मारत होती. उंदीर आदल्या दिवसापासून तसाच पडलेला. मी वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही डोळे निळसर पांढरे. दुधात निळीचा थेंब टाकून ढवळावा ना, तसे.

पांढऱ्या डोळ्याचा अर्थ कुणाच्याही घरात एकच. मी ओरडले, "आई, ह्याला मोतीबिंदू झाला हो!"

"दोन्ही?"

"दोन्ही!"

सासूबाईंनी उशीखाली हात घातला, आपली थेंबांची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे घे. घाल त्याला."

आता हसू येतं. पण देवाशपथ सांगते, मी बाटलीचं टोपण उघडलं होतं. तो पेटीतल्या आपल्या लाकडी ढोलीत सरकला म्हणून वाचला. मी मुलीला फोन लावला, तिने मीटिंगमधून 'नंतर बोलते' असं पाठवलं, आणि बाहेर नवरीकडची माणसं ब्लाऊज न्यायला येऊन बसली. मी मशीनवर बसले. घटकाभराने खोलीतून खोबरेल तेलाचा वास आला.

जाऊन बघते तर सासूबाईंच्या मांडीवर साप. शेजारी तेलाची वाटी. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या बाळांना सासूबाईंनी तेल लावलेलं. त्याच हाताने, त्याच चालीने, मानेपासून शेपटीपर्यंत त्यांचं चाललं होतं. तोंडाने बाळाशी बोलतात तसं काहीबाही. "पापडासारखा कोरडा पडलाय गं लेकरू. बघ, कशी तुकतुकी आली." त्यांनी डोक्यावरही तेल जिरवलं होतं, टाळू भरल्यासारखं. तो नुसता बसून होता बिचारा. मला रागवावं की रडावं कळेना.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे यार, आजी! मम्मी, आधी ओल्या फडक्याने ते तेल पूस. मोतीबिंदू नाही गं तो. डोळे निळे झाले म्हणजे तो कात टाकणार आहे. आता उसको छेडो मत, एकदम एकटं सोडा."

"डोळ्यांचा काय संबंध कातीशी?"

"डोळ्यालापण कात असते, मम्मी. पापणी नाही ना, म्हणून वर पारदर्शक कातडं असतं. जुनं आणि नवं यांच्यामध्ये ओलावा भरतो, म्हणून दुधाळ दिसतं. तेव्हा त्याला नीट दिसत नाही. म्हणून तो लपतो, चिडतो."

फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिले. मला हे पचेना. कपडा उसवावा, टाके सोडावेत, उलटा करून पुन्हा शिवावा, हे मी रोज करते, पण डोळ्यासकट? स्वतःच्या आतल्या आत, कुणी न शिकवता, हा प्राणी खालून दुसरा डोळा तयार करतो आणि मग जुना ढकलून देतो? सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ह्याला डोळा नवा मिळतो." मी म्हटलं, "हो." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे कात निघाली खरी, पण तुकड्यातुकड्यांनी. वाळलेल्या कांद्याची सालं पडावीत तशी पेटीभर. उजवा डोळा काळाभोर, लखलखीत. डावा मात्र तसाच धूसर, वर सुरकुती पडल्यासारखी. मुलीने फोनवर बघितलं आणि तिचं हसणं थांबलं. "डॉक्टरकडे ने, मम्मी."

अंबरनाथ पूर्वेला कुत्र्यामांजरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या साप बघतात असं कळलं. आता न्यायचा कसा? मी अस्तराच्या कापडाची पिशवी शिवली, तोंडाला दुहेरी नाडी, शिलाई दोनदा फिरवलेली. ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा. चिखलोलीच्या रस्त्याला नव्या टॉवरांच्या बाजूने आम्ही निघालो. पिशवी माझ्या मांडीवर, आणि हे इतके पुढे सरकून बसलेले की जवळजवळ हँडलवरच. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काय आहे भाभी, मासे?" ह्यांनी सिग्नल सुटायची वाट बघितली नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं. डाव्या डोळ्यावरची जुनी चकती अडकून राहिली होती. ओढून काढायची नाही, म्हणाल्या. ओढली तर खालचा डोळा फाटतो. पुढच्या कातीबरोबर निघेल, हवा दमट ठेवा. "आणि नाही निघाली तर?" मी विचारलं. "थरावर थर बसत गेले तर आत जंतू होतात. डोळा जाऊ शकतो." काही घासायचं नाही, तेल तर नाहीच. एसी कुठे आहे, विचारलं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग हवा कोरडी झाली त्याने. कात सुटायला ओल लागते. तेलाने नव्हे, एसीने झालंय हे."

मी घरी येऊन सासूबाईंना तेच सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांना पटलं नाही. "तेल मी लावलं. माझ्या हातानं त्याचा डोळा जायचा." मी पुन्हा म्हटलं, एसीने झालं. त्या म्हणाल्या, "एसी तरी कोणी फिरवायला सांगितला?" त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एसी लावू दिला नाही. मे महिन्यात, बदलापुरात! पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर घेऊन बसायच्या. मी भांडले, हे भांडले, मुलगी फोनवरून भांडली. "माझा गेला तो गेला," त्या म्हणाल्या, "त्याचा तरी राहू दे. मग लावा काय लावायचं ते." बस.

आता सगळं पुढच्या कातीवर होतं, आणि ती येतेय हे वेळीच ओळखण्यावर. मी उल्हासनगरला अस्तर, हुक, लेस आणायला जाते, तिथल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात हवेतली ओल मोजायचं यंत्र मागितलं. सिंधी शेठ म्हणाला, "भाभी, पानी का है, हवा का नहीं. किसके लिए चाहिए?" मी सांगितलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि मग चहा घेणार का विचारलं. यंत्र काही मिळालं नाही.

सासूबाई म्हणाल्या, यंत्र कशाला, माठ आहे ना. बाल्कनीत एक जुना छोटा माठ होता, काठ फुटलेला, त्यात मी कपड्यांचे चिमटे टाकायचे. तो धुतला. फुटलेला काठ घासून घासून बोथट केला, कुठे कातडीला लागू नये म्हणून. आत नर्सरीतून आणलेला नारळाचा भुसा, भिजवून पिळलेला. माठ आडवा ठेवला पेटीत. माती पाणी धरते, आत गारवाही राहतो आणि ओलही. सासूबाई रोज सकाळी हात घालून भुसा चाचपायच्या, सुकला वाटला की हाताने पाणी शिंपडायच्या. तो नेमाने तिथेच जाऊन बसायला लागला. सासूबाई म्हणायच्या, "बघ, घर आवडलं त्याला."

आणि मी बघायला लागले. आधी कामाला हात लावायच्या अगोदर एक नजर टाकायचे, मग त्या नजरेचीच सवय झाली. माणसाच्या तब्येतीत फरक पडला तर माझ्या आधी टेपला कळतो. इथे टेप चालत नव्हती. नुसतं बघत राहायचं. मग एके सकाळी वाटलं, ठिपक्यांचा सोनेरी रंग कालच्यापेक्षा मळकट आहे. उजेडाचा खेळ असेल म्हणून पडदा सरकवला. मळकटच. दुसऱ्या दिवशी पोट गुलाबी. उंदीर समोर धरला तर मान फिरवली. मी पेटीचं झाकण उचललं तर फुस्स केलं, आणि हा म्हणजे एरवी शब्द न काढणारा! मग उजव्या डोळ्यात तो थेंब पडला. निळीचा. सकाळी कडेला होता, संध्याकाळपर्यंत सगळा डोळा दुधाळ. ह्या खेपेला मी ओरडले नाही. अंगावर काटा मात्र आला. तिथे, मटार-उंदराच्या माझ्या संसारात, काचेपलीकडे तो आंधळा होऊन बसला होता आणि आतल्या आत नवा डोळा तयार होत होता, आणि कसलाही आवाज नव्हता. मी सासूबाईंना हाक मारली, तर आवाज देवळातल्यासारखा हळू निघाला.

"लागली का कात?"

"लागली, आई."

त्या दिवसापासून हेसुद्धा पाय खाली सोडून दारापर्यंत यायला लागले. चौकटीला धरून विचारायचे, "काही प्रगती?" पलीकडच्या बाईने कात निघाली की कपाटात ठेवायला मागितली, बरकत येते म्हणे. मी म्हटलं, आधी निघू दे, मग बरकतीचं बघू.

मग झालं काय, की डोळे साफ झाले. म्हणजे उजवा झाला. डाव्यावरची जुनी सुरकुती होती तशीच. राखाडी रंगही थोडा निवळला. आणि कात कुठे नाही! मी भुसा उपसला, पाण्याचं भांडं उचललं, काही नाही. वाटलं, हुकली. आतल्या आत जिरली की काय. मुलीला फोन केला तर म्हणाली, "अगं तसंच असतं. आधी डोळे निवळतात, मग दोन-चार दिवस काहीच दिसत नाही, आणि मग कात. आता बघून कळणार नाही, मम्मी. वाट बघ." हे बरं! इतके दिवस बघायला शिकले आणि नेमकं शेवटी बघून कळायचं नाही.

सासूबाईंना मी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी पलंगावरची गादी खाली घेतली आणि पेटीला पाठ लावून बसायला लागल्या.

शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, कधी तासाभरात येते, कधी दुपार खाते. पंखे थांबले. माझी मशीन थांबली, पाण्याचा पंप थांबला, शेजारचा टीव्ही थांबला. दुपारच्या त्या उकाड्यात एवढी शांतता झाली की पिशवीतले हुक एकमेकांवर घसरलेले ऐकू आले. मी काजं करत बसले होते. आतून हाक आली, "बाय."

मी गेले. सासूबाईंनी हात वर केला, बोलू नको म्हणून. कान काचेला लावलेला. मला काही ऐकू येईना. मग आलं. फार बारीक, खस्स... खस्स. मातीवर काहीतरी घासल्याचं.

तो माठाच्या काठाला नाक घासत होता. ज्या काठाला मी घासून बोथट केलं होतं, त्यालाच. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. मग वरच्या ओठावरचं कातडं सुटलं, एक बारीकशी पांढरी कड. मग खालच्या ओठाचं. मी सासूबाईंच्या शेजारी फरशीवरच बसले. ब्लाऊजची नाडी शिवली की तिची नळी आपण आतून पिन घालून उलटी करतो, आतली बाजू बाहेर येत येत कापड सरळ होतं. अगदी तसं. तो काठाखालून पुढे सरकत होता आणि त्याचं जुनं कातडं मागे मागे उलटत होतं. एवढं एकसंध, एवढं सावकाश. मी हजारो नाड्या उलट्या केल्या असतील. एकही अशी बिनसुरकुतीची जमलेली नाही. मी तोंडावर हात धरून बसले होते. सासूबाई विचारत होत्या, "काय करतो? आता काय करतो?" आणि मी पहिल्यांदाच दाताखालून नाही, तोंड उघडून सांगायला लागले. "नाकावरची सुटली, आई. आता कपाळ. आता डोळ्यांवरून चाललीय."

"डाव्या?"

"दिसत नाही. डावी बाजू भिंतीकडे आहे."

त्यांनी माझा दंड धरला.

शेपटीचं टोक सुटायला वेळ लागला. मग तो माठामागे जाऊन गोळा होऊन बसला, डोकं आत खुपसून. माठापुढे कात पडली होती. अख्खी. कुठे फाटलेली नाही, ओलसर, जाळीच्या कापडासारखी पारदर्शक. मुलगी म्हणाली होती, कातीचं डोकं तपासायचं. डोळ्यांच्या जागी दोन्ही चकत्या असल्या पाहिजेत. मी झाकण उघडून ती हलक्या हाताने उचलली आणि खिडकीशी नेली.

मी बघितलं. परत आले आणि कात सासूबाईंच्या ओंजळीत ठेवली. "तुम्हीच बघा."

त्यांनी डोक्याकडचा भाग शोधला. कातीची आतली बाजू बाहेर आलेली, म्हणून बोटाने हळूच पुन्हा सुलटी केली. अंगठ्यावर डोकं पसरलं, दुसऱ्या हाताची तर्जनी फिरवत नेली. नाकाची भोकं. मग उजवीकडे थांबल्या. "हा एक." बोट डावीकडे गेलं. तिथे फार वेळ राहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती.

"हा जाड हाय, बाय."

"हो."

"दोन हायत. एकावर एक."

"हो, आई. जुनी पण निघाली. दोन्ही निघाल्या."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडले मी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, सासूपुढे कधी डोळ्यात पाणी काढलं नव्हतं. एका आफ्रिकेच्या सापाने काढलं. त्या कात ओंजळीत धरून बसल्या होत्या, देवाचं फूल धरतात तशी. मग म्हणाल्या, "आता कसा दिसतो गं?"

मी नाक पुसलं आणि काचेला चेहरा लावला. गोळा सैल झाला होता. डोकं बाहेर काढून तो जीभ हलवत होता, डावी बाजू आमच्याकडे. मी घाई केली नाही. सांगितलं, काळा आहे, पण नुसता काळा नाही, जांभळ्याची झाक असलेला, तुमची ती पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा होती ना, ट्रंकेतून काढली की जशी दिसायची, तसा. वर ठिपके, ताज्या गुळाच्या रंगाचे, कडेला फिके होत गेलेले. आणि सगळ्यावर अशी चमक आहे की हात लावला तर रंग बोटाला येईल असं वाटतं.

त्या ऐकत होत्या. "आणि डोळा?"

"काळाभोर. स्वच्छ. कुठे सुरकुती नाही." मी आणखी जवळ गेले. "त्याच्यात खिडकी दिसतेय, आई. गजांसकट, एवढीशी. आणि खिडकीच्या पुढे तुम्ही दिसताय."

"मी?"

"तुम्हीच. बसलेल्या."

सासूबाईंनी कात मांडीवर ठेवली, मानेवरचा ओला टॉवेल काढून बाजूला टाकला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.